फुग्यात न दिसणारे फुप्फुस

श्वसनाचा धडा आला की बेलजारची प्रतिकृती टेबलावर येते. खालचे रबर ओढले की आतले दोन फुगे फुगतात, सोडले की आकसतात. श्वासपटलाचे काम दाखवायला हे साधन उत्तमच आहे. आमची तक्रार वेगळी आहे. फुगा आतून रिकामा असतो. फुप्फुस तसे नसते.

फुप्फुसांतल्या सुमारे ४८ कोटी वायुकोशांत पेशींचा कायम पहारा असतो. तो तपासताही येतो. डॉक्टर एक बारीक नळी श्वासमार्गात खोलवर नेतात, निर्जंतुक मिठाचे पाणी सोडतात आणि त्यातले जमेल तेवढे परत ओढून घेतात. त्यातून आलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी माणसात १०० पैकी ८५ हून अधिक पेशी मॅक्रोफेज असतात; त्या धूळ आणि जंतू गिळतात. लिम्फोसाइट साधारण १० ते १५, न्यूट्रोफिल फार तर ३. आजारात हा हिशेब बदलतो. जिवाणूंच्या न्यूमोनियात न्यूट्रोफिल वाढतात.

आता धायरीचे उदाहरण घेऊ. २०१७ मध्ये हे गाव पुणे महापालिकेत आले. इथल्या इमारतींत राहणाऱ्या एखाद्या मुलीने विचारले, "कबुतरांच्या विष्ठेची धूळ म्हणजे काही जंतू नव्हे, मग तिने फुप्फुस का बिघडते?" तर फुग्यांपाशी उत्तर नाही. उत्तर पेशींपाशी आहे. काही जणांची प्रतिकारयंत्रणा त्या धुळीतल्या प्रथिनांनाच शत्रू समजते. वायुकोशांत लिम्फोसाइट गोळा होतात; धुऊन काढलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण निम्म्यावरही जाते. दाह वर्षानुवर्षे टिकला तर फुप्फुसात व्रण पडतात आणि ते ताठर होते. हा हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. फुप्फुसाच्या ऊतींमध्ये दाह वा व्रण असलेल्या १०८४ रुग्णांची भारतीय नोंदणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या सुमारे ४७ टक्के रुग्णांना हाच आजार होता.

प्रतिकृती टाकून देऊ नये. तिच्या शेजारी दोन वाट्या ठेवाव्यात. पहिलीत ८६ हरभरे, १२ मूग, २ मोहऱ्या. दुसरीत ४० हरभरे, ५५ मूग, ५ मोहऱ्या. हरभरे म्हणजे मॅक्रोफेज, मूग म्हणजे लिम्फोसाइट, मोहऱ्या म्हणजे न्यूट्रोफिल. मुलांनी दाणे मोजून आजारी वाटी ओळखावी. मात्र दोन गोष्टी जरूर सांगाव्यात. कबुतरांजवळ राहणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होत नाही. आणि केवळ पेशी मोजून निदान होत नाही. सीटी स्कॅन लागतो, शिवाय रुग्ण रोज कोणत्या हवेत श्वास घेतो हेही विचारावे लागते. हा शेवटचा प्रश्न तर वर्गातही विचारता येईल.