गोवा १९६१ : ‘हुकूमशहाविरुद्ध युद्ध’ या युक्तिवादाची चिकित्सा

हुकूमशहाविरुद्ध युद्ध पुकारणे न्याय्य ठरते काय, असा विषय पदव्युत्तर वर्गात चर्चेस ठेवला की पहिल्या पाच मिनिटांत गोव्याचे उदाहरण पुढे येते. सालाझार हा हुकूमशहा होता. भारताने त्याच्याविरुद्ध सैन्य धाडले. गोवा मुक्त झाला. म्हणून हुकूमशहाविरुद्धचे युद्ध न्याय्य होय. या चार वाक्यांपैकी पहिली तीन खरी आहेत. चौथे त्यांतून निष्पन्न होते काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. लेखकाचा व्यासंग भाषाविज्ञानाचा असल्यामुळे तो या प्रश्नाकडे शब्दांच्या वाटेने जाणार, हे वाचकांनी गृहीत धरावे.

आरंभ आपल्या अंगणातूनच करू. कांदिवली ज्या बेटावर वसली आहे त्याचे जुने नाव साष्टी. आणि १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी ज्या मडगावात सभाबंदी मोडली, तो गोव्यातील तालुकाही साष्टीच. दोन्ही नावे सहासष्ट गावांवरून आली, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. आमच्या साष्टीवरील पोर्तुगीज अंमल मराठ्यांनी १७३७ साली उठविला, आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या घटनेला मराठीत आजही ‘वसईचा विजय’ असेच म्हणतात. वसईची ‘मुक्ती’ असे कोणी म्हणत नाही. १९६१ मध्ये मात्र सैन्याच्या मोहिमेचे नाव ‘विजय’ आणि तिच्या फलाचे नाव ‘मुक्ती’, अशी विभागणी झाली. दोन शतकांत प्रतिपक्ष बदलला नव्हता. बदलली होती ती युद्धाच्या समर्थनाची भाषा. विजय स्वतःचे समर्थन स्वतःच करतो. मुक्तीला मात्र ‘कोणाची, कोणापासून आणि कोणी केली?’ या तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात.

‘कोणापासून?’ या प्रश्नाला वर्गात मिळणारे उत्तर ‘सालाझारपासून’ असे असते. १९३२ पासून १९६८ पर्यंत अँतोनियु द ऑलिव्हेरा सालाझार पोर्तुगालचा पंतप्रधान होता, आणि त्याची राजवट निःसंशय हुकूमशाहीच होती. तथापि ती लिस्बनमध्येही तितकीच हुकूमशाही होती. भारतीय सैन्याने डिसेंबर १९६१ मध्ये जे केले त्याने सालाझारच्या सत्तेचा केसही वाकडा झाला नाही. तो पुढे जवळजवळ सात वर्षे अधिकारावर राहिला. ज्या युद्धाने हुकूमशहा जागचा हलला नाही, आणि ज्याचा तसा हेतूही नव्हता, त्याला हुकूमशहाविरुद्धचे युद्ध म्हणणे ही शिथिल भाषा होय.

भारताच्या प्रतिनिधींनी ती वापरली नव्हती, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीपुढे चंद्रशेखर झा यांनी मांडलेली भूमिका सर्वस्वी वसाहतवादाच्या विरोधाची होती : गोवा हा भारताचा भाग असून १५१० मध्ये बळाने घेतलेल्या प्रदेशाला कायदेशीर सरहद्द नसते, आणि आमसभेने १९६० साली वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जो ठराव केला त्याने हा प्रश्न निकालात काढला आहे. ॲडले स्टीव्हन्सन यांनी उलट बाजूने सनदेच्या दुसऱ्या कलमातील बळाच्या वापराच्या मनाईवर बोट ठेवले. युद्धबंदी व सैन्य मागे घेण्याचा ठराव सातास चार मतांनी पुढे आला, आणि सोव्हिएट नकाराधिकाराने पडला. या चर्चेत सालाझारची हुकूमशाही हा कोणाच्याही युक्तिवादाचा आधार नव्हता. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता, हे लक्षात घेता पाश्चात्त्य राष्ट्रांना तो विषय सोयीचाही नव्हता.

शब्दांच्या कारागिरीत लिस्बन कोणाहून मागे नव्हते. १९३० च्या कायद्यात ‘कोलोनिया’, म्हणजे वसाहत, हा शब्द उघडपणे होता. १९५१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती होऊन त्याच्या जागी ‘प्रोव्हिंसिया उल्ट्रामारिना’, म्हणजे ‘सागरपार प्रांत’, हे नाव आले. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर, आमच्याकडे वसाहती नाहीतच, फक्त प्रांत आहेत, असा पवित्रा पोर्तुगालने घेतला. गोवा, दमण व दीव यांचे सरकारी नाव तर ‘इस्तादु दा इंडिया’, म्हणजे भारत-राज्य! डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने हे नामांतर अमान्य करून पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेशांची यादीच प्रसिद्ध केली, आणि तीत गोव्याचा समावेश केला. संज्ञा बदलल्याने संज्ञित बदलत नाही, हा आमच्या शास्त्रातील प्राथमिक पाठ तेथे मतदानाने संमत झाला, असे गमतीने म्हणता येईल.

मग हुकूमशाहीचा मुद्दा अप्रस्तुतच समजावा काय? नाही, परंतु त्याचे स्थान वेगळे आहे. एक कसोटी लावून पाहावी : १९६१ मध्ये पोर्तुगालात लोकशाही असती, तर गोव्यावरील त्याचा हक्क न्याय्य ठरला असता काय? ठरला नसता. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्क दिले, वृत्तपत्रांना मोकळीक दिली. गोवा मात्र सोडला नाही. म्हणजे अन्यायाचे मूळ वसाहतीत होते. हुकूमशाहीने केले ते हे, की तो अन्याय शब्दाने दूर करण्याचे सर्व मार्ग बंद केले.

याची उदाहरणे भाषाभ्यासकाला तरी विसरता येण्याजोगी नाहीत. लग्नपत्रिकाही छापण्यापूर्वी परिनिरीक्षकाच्या नजरेखालून जावी लागे, असे त्या काळातील गोमंतकीय सांगत आले आहेत. १९५४ च्या फेब्रुवारीत म्हापशाच्या एका मेजवानीत गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा आशयाचे भाषण झाले, डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी ‘मी निषेध करतो’ एवढेच म्हटले. या एका क्रियापदासाठी त्यांना अटक होऊन पोर्तुगालला पाठविण्यात आले. त्यापूर्वी १९४६ मध्ये त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांस लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पेनिशच्या किल्ल्यात ठेवले होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. १९४९ मध्ये भारताने लिस्बनला वकिलात उघडली, १९५० मध्ये वाटाघाटींची मागणी केली, आणि चर्चेसच नकार मिळाल्यामुळे १९५३ मध्ये ती वकिलात बंद केली.

याच्या शेजारी पाँडिचेरी ठेवावी. फ्रान्सही वसाहतवादीच होता, आणि त्याच काळात इंडोचायना व अल्जीरियात त्याने काय केले हे जगजाहीर आहे. तरीही पाँडिचेरीचा कारभार १ नोव्हेंबर १९५४ रोजी वाटाघाटींनी भारताकडे आला. कायदेशीर हस्तांतर १९६२ मध्ये झाले. फरक कशाचा? फ्रान्समध्ये संसद होती, विरोधी पक्ष होते, वसाहती सोडाव्यात असे छापता येत होते. तेव्हा हुकूमशाही ही गोव्यातील युद्धाचे कारण नव्हे. युद्धावाचून उपाय उरला नव्हता या विधानाचा ती पुरावा आहे. कारण आणि पुरावा यांची गल्लत केली की युक्तिवाद वाटेल त्या युद्धाला जुंपता येतो. २००३ मध्ये इराकवरील स्वारीसाठी संहारक शस्त्रांचे कारण पुढे केले गेले. शस्त्रे सापडली नाहीत, तेव्हा हुकूमशहाचे उच्चाटन हे समर्थन अग्रभागी आले. उलट १९७९ मध्ये टांझानियाने इदी अमीनला घालविले, तेव्हा त्याने आधार घेतला तो आपल्या भूमीवरील युगांडाच्या आक्रमणाचा.

भारताची बाजू मात्र सर्वांगी निर्दोष होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ जहाजावर गोळीबार झाला. पाठोपाठ एक कोळी मारला गेला. या घटना गंभीर होत्या. परंतु त्यांवर स्वसंरक्षणाची इमारत उभी करणे म्हणजे बळकट युक्तिवादाला दुबळा टेकू देणे होय. टीकाकारांनी नेमका तो टेकूच हलविला. दुसरा आक्षेप वेळेचा : १९६२ च्या फेब्रुवारीत निवडणूक होती, आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे होते. हेतूविषयीची ही शंका अगदीच निराधार म्हणवत नाही. परंतु हेतू मिश्र असल्याने कृत्याचा न्याय नाहीसा होत नाही. फक्त करणाऱ्याचे पुण्य कमी होते.

‘युद्ध’ हा शब्द टाळण्याची आपली खोडही येथे तपासण्याजोगी आहे. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबादेत जे झाले त्याला आपण ‘पोलीस कारवाई’ म्हणतो. त्यानंतरच्या हिंसाचारात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत, असा अंदाज सुंदरलाल समितीने दिला होता. त्यांतील बहुसंख्य मुसलमान होते. ‘पोलीस कारवाई’ या शब्दांत इतकी प्रेते मावत नाहीत, म्हणून ती दीर्घकाळ दिसली नाहीत. गोव्यात तसे घडले नाही. मोहीम दोन दिवसांत आटोपली, आणि त्याचे थोडे श्रेय प्रतिपक्षाच्या सेनापतीलाही द्यावे लागते. विजयी किंवा मृत याखेरीज तिसरा सैनिक असू नये, असा सालाझारचा आदेश असताना गव्हर्नर-जनरल व्हासालु इ सिल्व्हा यांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली. त्याबद्दल त्यांना १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फ व्हावे लागले. हुकूमशाहीचे खरे स्वरूप पोर्तुगीज सैनिकांनाच त्या आदेशात अधिक स्पष्ट दिसले असेल.

आता ‘कोणी?’ हा प्रश्न. १९५४-५५ च्या लढ्यात पुण्यात जी समिती निघाली तिचे नाव ‘गोवा विमोचन सहाय्यक समिती’. यातील ‘सहाय्यक’ हा शब्द फार प्रामाणिक आहे. विमोचनाचे मुख्य कर्ते गोमंतकीय आणि आपण मदतनीस, अशी कबुली त्यात आहे. १९६१ नंतर दोन वाक्ये रूढ झाली. ‘भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला’ या कर्मणी प्रयोगात सहाय्यकच कर्ता झाला, आणि गोवा कर्माच्या जागी गेला. ‘गोवा मुक्त झाला’ यात गोवा कर्ता आहे खरा, पण व्याकरणापुरताच. करणारा मात्र कोठेच दिसत नाही. गोमंतकीयांना खऱ्या अर्थाने कर्तृत्व मिळाले ते डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत. सैन्य पाठविणाऱ्या काँग्रेस पक्षाला गोव्यात त्यांनी एकही जागा दिली नाही. पुढे १९६७ च्या जनमतकौलात १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी महाराष्ट्रातील विलीनीकरणही नाकारले. आम्हा मराठी भाषकांना तो निकाल झोंबला. परंतु मुक्तीची याहून चांगली साक्ष कोणती असू शकते? मुक्त करणाऱ्याला नकार देता येणे, हे सालाझारच्या गोव्यात कोणाला शक्य नव्हते.

एका माणसापुरते मात्र ‘गोवा मुक्त झाला’ हे वाक्य अनेक वर्षे अपुरे राहिले. सांगलीचे मोहन रानडे १९५५ मध्ये बेतीच्या चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, आणि सव्वीस वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालच्या तुरुंगात पडले. १९ डिसेंबर १९६१ ला ते तुरुंगातच होते. १९६२ मध्ये तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशी परत गेले, तेव्हाही रानडे तुरुंगातच होते. ते सुटले १९६९ च्या जानेवारीत. सालाझार आजारी पडून सत्तेवरून दूर झाल्यानंतर.