‘स्वतः’ आणि लोक : रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे एक वाचन

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली, न्यायमूर्ती रानडे यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी, प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ते दोन रीतींनी वाचले जात आले आहे. कोणी त्यात पतिनिष्ठेचा हृद्य दाखला पाहतात, तर कोणी त्याला स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचे साधन मानतात. दोन्ही वाचने खोटी नव्हेत. परंतु मनाला पटलेले एक आणि हातून घडले दुसरे, असे एखाद्या थोर माणसाच्या बाबतीत नेमके कसे घडते, याचा इतक्या जवळून लिहिलेला वृत्तान्त मराठीत आम्हांस दुसरा ठाऊक नाही. पुस्तकाचे हे अंग टीकाकारांकडून उपेक्षित राहिले आहे, आणि ते तसे का राहिले याचे कारणही पुस्तकातच आहे.

१८७३ सालचा विवाह घ्या. रानडे एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायखात्यात अधिकारी, विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. चारच वर्षांपूर्वी मुंबईत पुनर्विवाह झाला, तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिलेल्या मंडळींत त्यांचे नाव होते. त्यांची प्रथम पत्नी त्या वर्षी वारली. आता हा मनुष्य विधवेशीच विवाह करील अशी सुधारकांची अपेक्षा होती, आणि वडिलांना भीती होती ती नेमकी याचीच. वर्ष संपण्यापूर्वी विवाह झाला, तो अकरा वर्षांच्या कुमारिकेशी. ही कुमारिका म्हणजेच या आठवणींची लेखिका.

रमाबाईंनी हा प्रसंग सांगताना कोणावरही ठपका ठेवलेला नाही, म्हणूनच त्यातील यंत्रणा स्पष्ट दिसते. मुंबईच्या मित्रांची पत्रे आधी आपल्या हाती पडावीत अशी तजवीज वडिलांनी केली. मुलगी घेऊन आलेल्या गृहस्थांस रानड्यांनी आपल्याकडून परोपरीने परावृत्त करून पाहिले : मी सुधारक आहे, माझे डोळे व कान अधू आहेत, मी विलायतेस जाईन आणि परत आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही. त्या गृहस्थांनी हे सारे ऐकून घेतले आणि तरीही मुलगी देऊ केली. अखेर वडिलांनी सांगितले की, ऐकणार नसाल तर आम्ही करवीरास जाऊन राहू आणि आपला संबंध संपला असे समजू. येथे रानड्यांचा विरोध संपला.

या प्रकरणात कोठेही जातपंचायत नाही, शंकराचार्यांचे आज्ञापत्र नाही, वर्तमानपत्रातील शिवीगाळ नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य लोकांच्या तोंडून आलेच नाही. ते आले एका वृद्ध पित्याच्या तोंडून, आणि तो पिता मुलावर खरोखर प्रेम करीत होता. समाजाचे दडपण आपण नेहमी बाहेरच्या शत्रूसारखे कल्पितो. दारावर दगड मारणाऱ्यांस तोंड देणे कठीण असले तरी त्यात एक अभिमान असतो. परंतु तेच दडपण आपल्या पानावर वाढणाऱ्या हाताने, आपल्या नावाने डोळे पुसणाऱ्या माणसाने आणले, म्हणजे त्याला विरोध करणारा मनुष्य स्वतःच्याच दृष्टीने कृतघ्न ठरतो.

रानड्यांच्या या माघारीवर दोन निवाडे प्रचलित आहेत. विरोधकांनी तिला भित्रेपणा म्हटले, चाहत्यांनी पितृभक्ती. आम्हांस दोन्ही निवाडे सोयीचे वाटतात. भित्रेपणा म्हणावा, तर याच माणसाने सरकारी नोकरीत राहून सरकारची गैरमर्जी ओढवून घेण्याची तयारी अनेकदा दाखविली. पितृभक्ती म्हणावी, तर तिची किंमत कोणी दिली हे विचारावे लागते. विष्णुशास्त्री पंडित यांनी लगेच पुढच्या वर्षी, १८७४ साली, विधवेशी विवाह केला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली तेच केले, आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे गोष्ट अशक्य होती असे नव्हे. रानड्यांनी ती केली नाही, आणि त्यामुळे कोणा एका अनाम विधवेचे आयुष्य जसे होते तसेच राहिले. तिच्याविषयी पुस्तकात एक अक्षर नाही. रमाबाईंनी ते लिहावे अशी अपेक्षाही क्रूरपणाची होईल, कारण त्या स्त्रीच्या जागी त्या स्वतः उभ्या होत्या. पण टीकाकारांनीही तिची आठवण ठेवली नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

पुस्तकाचा सर्वांत समृद्ध भाग पुण्याच्या घरातला. रानडे पत्नीला शिकवू लागले, आणि घरातील वडीलधाऱ्या बायकांनी तिच्याशी जणू असहकार पुकारला. इंग्रजी शिकविणाऱ्या बाईंना शिवली म्हणून स्नान, सभेला गेली म्हणून टोमणे. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्यानंतर तर त्यांच्याकडे जाण्यावरून रोजचे खटके. या बायकांची चित्रे रमाबाईंनी रागाने रंगविलेली नाहीत. त्यांच्या बोलण्याची ढब, मध्येच येणारी माया, एकीने बोलावयाचे आणि दुसरीने हसावयाचे ही रीत, हे सारे त्या इतक्या बारकाईने टिपतात की तेथे त्या केवळ आठवणी सांगणाऱ्या न राहता लेखिका होतात. आमच्या मते हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्ष्यांत कोण घेतो?’ या कादंबरीतील घराशेजारी हे घर निःसंकोच ठेवावे.

या सर्व काळात रानडे पत्नीला एकच उपदेश करतात : सोसावे, उलट बोलू नये, त्यांचे मन दुखवू नये. रमाबाई हा उपदेश आदराने नोंदवितात. आम्हांस मात्र प्रत्येक वाचनात तो अधिक खटकत गेला आहे. घरातील कर्ता पुरुष तो, मिळवता तो, मत त्याचे. आणि त्या मताची रोजची किंमत मोजावी लागली ती स्वयंपाकघरात एकट्या पडलेल्या मुलीला. एका शब्दाने जे थांबले असते, ते त्यांनी त्या शब्दाविना चालू दिले. १८७३ साली पित्यापुढे जी माघार झाली, तिचाच हा घरगुती विस्तार होय. एवढे मात्र मान्य केले पाहिजे की शिकविणे त्यांनी एक दिवसही सोडले नाही. रानडे आपली मते टाकून देत नसत. ती भांडण न होईल अशा खोलीत नेऊन ठेवीत.

हे लिहिताना आम्ही न्यायासनावर बसलेलो नाही, हे वाचकांस सांगणे प्राप्त आहे. महाराष्ट्राबाहेरच्या शहरांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी मंडळींचा समाज लहान. गणेशोत्सवाची वर्गणी, वाचनालयाची निवडणूक, मुलींची लग्ने, सारे त्याच शेदोनशे घरांत. काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षकाने जातीबाहेर विवाह करण्याचे ठरविले. आमच्या मताची त्याला खात्री होती, कारण हेच पुस्तक आम्ही त्याला वाचावयास दिले होते. विवाहापूर्वी दोन दिवस व्यवस्थापक मंडळातील एक ज्येष्ठ सभासद घरी आले, चहा घेतला, आणि जाताना एवढेच म्हणाले की, “सर, आपण गेलात तर शाळा गेली असे लोक धरतील.” धमकी नव्हती. त्या गृहस्थांचे आमच्यावर उपकारही होते. आम्ही विवाहास गेलो नाही. शिपायाबरोबर आहेर पाठविला. त्या शिक्षकाने पुढे कधी याचा उल्लेख केला नाही, आणि वर्षअखेरीस दुसऱ्या गावी नोकरी धरली. आम्ही गेलो असतो तर काय बिघडले असते, याचा हिशेब आम्ही अनेकदा करून पाहिला आहे. फारसे काही नाही, असेच उत्तर दरवेळी येते.

आता १८९२ चे प्रायश्चित्त. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहाबिस्किटे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापविली, आणि ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्याची शिक्षा कशी असते हे आजच्या वाचकास सांगावयास हवे. तुरुंग नाही, दंड नाही. श्राद्धाला ब्राह्मण मिळत नाही, पंक्तीला कोणी बसत नाही, लग्नाच्या मुलीला स्थळ येत नाही, सासरी गेलेली लेक माहेरी येऊ शकत नाही. म्हणजे शिक्षा गुन्हेगाराला नव्हे, त्याच्या घरातील दुबळ्या माणसांना. रानड्यांना स्वतःला ही झळ सोसणे शक्य होते. एका मित्राच्या घरची कुचंबणा पाहून, त्याची सुटका व्हावी म्हणून, त्यांनी इतरांबरोबर प्रायश्चित्त घेतले. विलायतेहून आल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, असे १८७३ साली सांगणारा हाच मनुष्य.

रमाबाई तेव्हा लोणावळ्यास होत्या. वार्ता कळताच त्यांना संताप आला, आणि त्यांनी तो लपविलेला नाही. पतीने परत आल्यावर दिलेले स्पष्टीकरण त्या पुढे नोंदवितात : मित्रांचे दुःख दूर होत असेल तर आपण थोडा कमीपणा घेतल्याने काय बिघडते, असा त्याचा आशय. मग त्या आपले समाधान झाल्याचे लिहितात. येथे भाषा बदलते असे आम्हांस वाटते. एरवी त्यांचे वाक्य प्रसंगाच्या मागे धावते. येथे ते समर्थनाच्या मागे चालते. संतापाचा भाग जिवंत आहे, समाधानाचा भाग कर्तव्य म्हणून लिहिल्यासारखा आहे. पुस्तकातील हा दोष खरा, पण तो प्रामाणिक लेखणीचा दोष आहे. न पटलेली गोष्ट पटली असे लिहिताना ती लेखणी अडखळते.

संपूर्ण पुस्तकात रमाबाई पतीचा निर्देश ‘स्वतः’ या शब्दाने करतात. नाव न घेण्याची ती त्या काळची घरगुती रीत. ‘स्वतः’ म्हणाले, ‘स्वतः’ गेले, ‘स्वतः’ गप्प राहिले. शब्द नम्रतेचा खरा, परंतु १८७३ आणि १८९२ ही दोन प्रकरणे लागोपाठ वाचली म्हणजे तो वेगळाच ऐकू येऊ लागतो. पहिल्या प्रकरणात ‘स्वतः’ वडिलांसाठी वागले, दुसऱ्यात मित्रासाठी. शालेय उताऱ्यांच्या आमच्या पाहण्यातील पुस्तकांत पाटी-पेन्सिलीचा भाग हटकून येतो, लोणावळ्याचा येत नाही. आमच्या नववीच्या वर्गाला यंदा आम्ही दोन्ही भाग वाचून दाखविले. तास संपताना एका मुलीने विचारले, “सर, त्यांना राग आला होता, मग त्या पुढे काय म्हणाल्या?” पान उलटून आम्ही तिला समाधानाचा परिच्छेद पुन्हा वाचून दाखविला. तिने तो नीट ऐकला, आणि “हे नाही, सर,” असे म्हणून ती खाली बसली.