गळा चालतो, गाणं चालत नाही

आषाढ लागला की आमच्या घरी पहाटे प्रल्हाद शिंदे वाजतात. त्यांची विठ्ठलाची गाणी झाल्याशिवाय आजी चहाला हात लावत नाही. शाळेत असताना एकदा त्याच प्रल्हाद शिंद्यांचं भीमगीत मी मोबाईलवर लावलं. आतून आवाज आला, "बंद कर रे ते." मी म्हणालो, "आजी, गाणारा तोच आहे की!" आजी म्हणाली, "असंल. पण ते त्यांचं गाणंय." राहात्यातल्या माझ्या पिढीच्या गाण्याबद्दल लिहायचं तर या 'त्यांचं'पासूनच सुरुवात करावी लागते.

हे 'त्यांचं' नुसतं घरात राहत नाही. राहात्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, शिर्डीत, मे २०१५मध्ये नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला. तो लग्नासाठी आला होता. बाबासाहेबांवरच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला, अशी तक्रार होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गाणं कुणी म्हटलंय, चाल कशी आहे, शब्द काय आहेत, हे इथे शेवटी पाहिलं जातं. आधी पाहतात ते कुणाच्या खिशातून वाजलं.

माझ्या वयाची मुलं छातीठोकपणे सांगतात की जातबित आमच्या आईबापांची, आम्ही मानत नाही. त्यांचं इन्स्टाग्राम उघडावं. नावाखाली कुळ, फोटोमागे झेंड्याचा रंग, रीलला 'नाद करायचा नाय' छापाचं गाणं. आता प्रत्येक समाजाचं स्वतंत्र गाणं आहे: मराठ्यांचं, धनगरांचं, वंजाऱ्यांचं, बंजाऱ्यांचं, एकलव्याच्या नावानं भिल्लांचं. ज्यांची गाणी कधी कुणी ऐकलीच नाहीत त्यांना आपलं गाणं मिळालं, याचा मला आनंदच आहे. पण कला म्हणून पाहिलं तर ही गाणी एकाच साच्यातून निघतात. १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, ३१ मे, १ ऑगस्ट. चार जयंत्या, चार रंग आणि पिकअपवर रचलेले तेच स्पीकर. बेस तोच, पॅडवर वाजवलेली हलगी तीच, मधे ओरडणारा तोच. फक्त नाव बदलायचं. डीजेवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्या जाती शेजारी-शेजारी नांदतात. तेवढी एकच जागा असावी.

यात सर्वांत मोठं नुकसान झालं ते भीमगीताचं, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखं सर्वांत जास्त होतं. भीमगीत वाढलं ते आंबेडकरी जलशात, आणि जलसा ही मुळात शब्दांची कला. भीमराव कर्डकांच्या एका जलशाला बाबासाहेब आपल्या दहा भाषणांच्या बरोबरीचा मानत, असं सांगतात. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. शाळा नशिबात नव्हती. मुंबईत मोठेपणी अक्षरओळख झाली, आणि त्या माणसानं पुढे हजारो गाणी लिहिली. त्यांच्या गाण्यात युक्तिवाद असतो, प्रश्न असतो, एखाद्या कडव्यात टोमणाही. डीजेच्या रिमिक्समध्ये पहिल्या ओळीचे दोन शब्द उरतात आणि मग अर्धा तास छाती हादरते. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ साली गेले. आज त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा मोठा वाजतो आणि ऐकू मात्र कमी येतो.

जाणती माणसं इथे लगेच म्हणतात, "ही पिढीच उथळ." त्यांना 'सैराट'ची आठवण करून द्यावीशी वाटते. नागराज मंजुळेंनी २०१३च्या 'फँड्री'त नायक जब्याच्या हातातला दगड थेट प्रेक्षकावर भिरकावला. २०१६च्या 'सैराट'मध्ये तर शेवटाला संगीतच काढून घेतलं. जातीबाहेर लग्न केलं म्हणून मारलेल्या जोडप्याच्या पोराची रक्ताची पावलं दिसतात आणि आवाज काहीच नाही. आमच्याकडच्या लग्नांनी त्या चित्रपटातून काय घेतलं? 'झिंगाट'. ज्या काकांना पोरीनं जातीबाहेर लग्न केलेलं चालणार नाही, तेच वरातीत त्यावर सगळ्यांत पुढे नाचले. शांतता कुणीच घरी नेली नाही. उथळपणा वयावर नसतो, एवढंच यावरून म्हणेन. (नाचलो मीही. गाणं भारीच आहे.)

मग चांगलं काही चाललंय का? चाललंय, पण डीजेच्या गाडीपासून लांब. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गातात. साध्या मोबाईलवर काढलेले त्यांचे व्हिडिओ गावोगाव पोचले. बेस नाही, झगमगाट नाही, आणि शब्दन् शब्द कळतो. दुसरीकडे रॅप. अमरावतीचा विपिन तातड आपल्या बोलीत जातीबद्दल थेट बोलतो. २०२३मध्ये राज मुंगासेच्या राजकीय रॅपवर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. तालावर बोललेल्या मराठी शब्दाला कुणीतरी घाबरलं, ही माझ्या मते गेल्या काही वर्षांतली मराठी गाण्यासाठी सर्वांत चांगली बातमी. त्या गायकासाठी ती नव्हती, हे मान्य.

रॅपचं कौतुक आंधळेपणानं मात्र करू नये. 'गली बॉय' २०१९मध्ये आला आणि पेरूच्या बागेत उभं राहून मुंबईच्या गल्लीच्या गप्पा मारणारे रॅपर आमच्याकडेही उगवले. ऊसतोड, पाण्याचं आवर्तन, प्रवरेचा कारखाना, शिर्डीच्या लॉजवर रात्रपाळी करणारी पोरं, नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे, एवढा माल दारात पडलाय, आणि गाण्यात काय तर साखळी, गाडी आणि 'मी'. जलशात 'आम्ही' होता. त्या 'आम्ही'त दुसऱ्या आळीतला माणूसही बसायचा. नव्या रॅपमध्ये धार आहे, विनोद जवळपास नाही आणि बाई तर फारच क्वचित दिसते. कडूबाई एकट्या किती पुऱ्या पडणार?

आजीशी माझा वाद अजून मिटलेला नाही. मागच्या आषाढात मी तिच्या विठ्ठलाच्या गाण्यांमागे न सांगता प्रल्हाद शिंद्यांचं एक भीमगीत जोडून दिलं. तिनं ते पूर्ण ऐकलं. ओळखलं नाही की ओळखूनही काही बोलली नाही, देव जाणे.

राहात्यातल्या सगळ्या रंगांच्या मंडळांना एक विनंती आहे. येत्या जयंतीला मिरवणूक चौकात आली की पाच मिनिटं बेस बंद ठेवा आणि एक गाणं, कुणाचंही, शब्द कळतील एवढ्याच आवाजात लावा.