नोकरदाराची चौकट

मराठीला हास्यचित्रांचा एवढा मोठा वारसा असताना लांब पल्ल्याची चित्रकथा मात्र आपल्याकडे बोटांवर मोजावी लागते. याचं कारण प्रतिभेत किंवा रसिकतेत शोधण्याआधी हजेरीपटात शोधावं, असं मला वाटतं. आपले कितीतरी रेषाकार सकाळी कामावर जात होते. घरी येऊन, जेवण उरकून, मुलांच्या वह्या बघून मग कागद पुढे ओढला की त्या रात्रीत पुरं होईल असं एकच काम उरतं, एका चौकटीचं चित्र. मराठी हास्यचित्राचा घाट नोकरीनं ठरवला. आज वेबकॉमिक चालवणाऱ्यांची जी रड ऐकू येते, की वेळ नाही, घर आहे, मूल आहे, ऑफिस आहे, तिला निदान पाऊणशे वर्षांचा पूर्वेतिहास आहे.

वसंत सरवटे हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १९२७ साली कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस पेशानं स्थापत्य अभियंता. मुंबईत ए. सी. सी. या सिमेंट कंपनीत त्यांनी नोकरी केली आणि त्याच दिवसांत ‘ललित’च्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळ’चा चेहरा, पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांतली चित्रं आणि शिवाय रेषेवरचं चिकित्सक लेखनही केलं. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच ‘खेळ चालू राहिला पाहिजे’ असं आहे. सरवट्यांच्या चित्रात चोरलेल्या वेळेची घाई दिसत नाही. भिंत कुठे संपते, खुर्ची किती जागा खाते, माणूस दारातून आत कसा येईल याचा हिशेब आधी झालेला असतो, विनोद नंतर येतो. नोकरीनं त्यांचे तास घेतले असतील, पण नजर दिली.

हे जमलं ते दिवाळी अंकाच्या वेळापत्रकामुळे. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी साहित्याला वर्षातून एकदा पिकण्याची सवय लागली. गोमंतकीय दीनानाथ दलालांची ‘दीपावली’, अनंत अंतरकरांची ‘हंस’ आणि ‘मोहिनी’ यांनी चित्रकाराला मानाची पानं दिली. शि. द. फडणीस पूर्णवेळ चित्रकार. ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर १९५२पासून ते एकही शब्द न वापरता हसवत राहिले. पण अंकाची आतली पानं भरणाऱ्यांत बँकेत, शाळेत, कारखान्यात दिवस काढणारे बरेच होते. पावसाळ्यात संपादकाचं पत्र, गणपतीच्या आगेमागे चित्रं, दिवाळीत अंक आणि मानधन, असं हे वेळापत्रक होतं. उरलेले महिने वहीत टिपणं काढायची. वर्षात एकदा जीव काढून घेणारा हंगाम आणि मग मोकळीक, हे नोकरदाराला आणि त्याच्या घरालाही परवडणारं होतं.

याची किंमतही मोजावी लागली. पानाच्या कोपऱ्यात बसणारं, सुटं, आधी-नंतर नसलेलं चित्र हा आपला मुख्य प्रकार झाला. एकामागून एक चित्र लावून गोष्ट सांगणं आपल्याला कधी येतच नव्हतं असं म्हणावं, तर गोव्यातल्या वाळपईहून साखळी, डिचोली, दोडामार्ग, बांदा करत कुडाळ गाठावं. जवळच पिंगुळी आहे. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे चित्रांची पोथी. एकेक चित्र समोर धरायचं, वाद्याच्या साथीनं त्यातला प्रसंग सांगायचा, मग पुढचं चित्र. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयानं ती देवळांतून उभी राहिली. तिची वेळही सणाची, देवाची. बाकी वर्ष शेतीवाडीचं. पोथी घराण्याची, सांगणाराही घरातला आणि साथीदारही घरातले. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा लोककलेचा गौरव म्हणून बातम्या आल्या. मला तो चित्रमालिकेचा गौरव वाटला. संसार बाजूला ठेवून नव्हे, सगळा संसार कामाला लावून चाललेली ती मालिका आहे.

छापील मराठीत रोजची मालिका टिकवून दाखवली ती ‘चिंटू’नं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी २१ नोव्हेंबर १९९१पासून ‘सकाळ’मध्ये ती सुरू केली. चिंटूच्या लोकप्रियतेबद्दल बोलताना त्याच्या खोड्यांवर लिहिलं जातं. मला त्याची रचना जास्त महत्त्वाची वाटते. काम दोघांत वाटलेलं. मोजकी पात्रं, तीच घरं, तोच वाडा-सोसायटीचा परिसर, मागे रिकामी जागा. वय न वाढणारा मुलगा. रोज पुरवायचं तर काय काय गाळावं लागेल हे आधीच ठरलेलं होतं. वाडेकरांच्या निधनानंतरही चिंटू चालू राहिला तो या शिस्तीवर. दोष सांगायचा तर तोही यातच आहे: तीन-चार चौकटींच्या बाहेर चिंटूला श्वास घ्यायला जागा नव्हती, आणि त्याच्या यशानं मराठी वाचकाला मालिका म्हणजे मुलांचा विनोद एवढंच समीकरण दिलं.

गोव्याकडे वळलं की मारिओ मिरांडांचं नाव चुकत नाही. त्यांच्या १९४९, १९५० आणि १९५१ सालच्या रोजनिश्या पुस्तकरूपात आल्या आहेत. गावातली लग्नं, मिरवणुका, पाद्री, पावसाचे कंटाळवाणे दिवस, सगळं रोजच्या पानावर. आज जगभर ज्याला डायरी कॉमिक म्हणतात ते हेच. पण उपदेश म्हणून ती पानं कुणाच्या हाती देऊ नयेत. ती लोटलीच्या मोठ्या घरातल्या, विशीतल्या, अविवाहित तरुणाची आहेत. पुढे मुंबईत ‘इलस्ट्रेटेड वीकली’ आणि ‘इकॉनॉमिक टाइम्स’ आले तेव्हा चित्र काढणं हीच त्यांची नोकरी झाली. संसार सांभाळून रोजनिशी काढायची कसोटी अमेरिकेत जेम्स कोचाल्का यांनी दिली. १९९८ ते २०१२ अशी चौदा वर्षं त्यांनी जवळपास रोज एक छोटी पट्टी काढली आणि पुढे ती वेबवरही टाकली. त्या काळात दोन मुलगे जन्मले, वाढले आणि पट्टीत आले. पट्टी मात्र चार चौकटींपलीकडे सहसा गेली नाही.

आता वेबचं. वेबनं संपादक काढून टाकला तसं त्याचं पत्रही काढून टाकलं आणि मानधनही. उरलं ते रोज काहीतरी टाका म्हणणारं यंत्र. कोरियाच्या वेबटूनांनी दर आठवड्याला उभ्या पट्टीत कित्येक डझन रंगीत चौकटी देण्याचा पायंडा पाडला. तिथले चित्रकार त्यासाठी मदतनीस ठेवतात. ‘सोलो लेव्हलिंग’ ही तिथली मालिका आपल्याकडच्या कॉलेजातल्या पोरांनाही तोंडपाठ असते. तिचे चित्रकार चांग सोंग-राक २०२२मध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेले आणि या आठवडी रगाड्यावर तिथे जाहीर वाद झाला. एकट्यानं, रात्री, फुकट काम करणाऱ्या मराठी मुलानं हे वेळापत्रक डोक्यावर घेणं म्हणजे दुसऱ्याच्या दुकानाचं भाडं आपण भरण्यासारखं आहे. तरी बहुतेक जण तेच घेतात. मग नव्या वर्षाचा संकल्प, दोन महिने भराभर भाग, परीक्षा किंवा ऑडिट किंवा बारसं, उशिराबद्दल माफी मागणारं एक चित्र, आणि पुढे शांतता. माफीचं ते चित्र बऱ्याचदा आधीच्या दहा भागांपेक्षा चांगलं असतं, कारण तिथे चित्रकार पहिल्यांदा खरं बोलतो.

पोट भरण्याचे जे मार्ग दिसतात ते मराठीबाहेरून जातात. नागपूरचे रोहन चक्रवर्ती दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्या खुर्चीपासून दूर गेले, २०१०मध्ये ‘ग्रीन ह्यूमर’ ही मालिका सुरू केली आणि प्राणी-पक्षी-जंगल हा विषय इतका स्वतःचा केला की वर्तमानपत्रं त्यांच्याकडे आली. मुंबईचे अभिजित किणी यांची ‘अँग्री मावशी’ नऊवारीत आहे, स्वभावानं अस्सल इकडची आहे. पण तिचा बाजार इंग्रजी वाचकाचा आणि कॉमिक कॉनच्या स्टॉलचा. दोघांनीही नोकरी आणि कॉमिक यांचा तंटा कॉमिकच्या बाजूनं मिटवला. ते धाडस आहे, पण सर्वांना देण्याजोगा सल्ला नव्हे. माझा कल कॅनडाच्या केट बीटन यांच्याकडे आहे. शैक्षणिक कर्ज फेडायला त्या अल्बर्टातल्या तेलखाणींवर नोकरीला गेल्या, तिथल्या छावणीतून चित्रं वेबवर टाकू लागल्या, आणि त्या दिवसांवरचं मोठं पुस्तक ‘डक्स’ २०२२ साली आलं. मध्ये दशकाहून जास्त काळ गेला. नोकरी तेव्हा आड आली होती. पुढे तीच पुस्तकाचा ऐवज झाली.

गोव्यातल्या सत्तरी-डिचोली तालुक्यांतल्या रेषाकाराला यातून काही घेता येईल. इथला नोकरदार पणजीला बसनं जाऊन-येऊन असतो, नाहीतर होंडा-पिसुर्ल्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर. गोव्यात सर्वांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत वाळपई येते. जूनपासून वीज आणि नेटवर्क यांच्या भरवशावर तारीख जाहीर करू नये. मार्च-एप्रिल काजूचा, त्यात घरची बागायत असेल तर बोंडू वेचण्यापासून सुटका नाही. चवथीला हात मोकळे नसतात. पण हीच माणसं शिगम्यात रणमाले हे लोकनाट्य उभं करतात, जत्रेला तीन अंकी नाटक बसवतात, पेडण्याकडे रात्रभर दशावतार खेळतात आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होतात. त्यांना कुणी दर आठवड्याला प्रयोग मागत नाही. तारीख देवाची असते, ठरलेली असते, आणि तिच्या आधीच्या दीड महिन्यात घरच्यांनाही ठाऊक असतं की हा माणूस संध्याकाळी तालमीला जाणार.

विषयांचा तुटवडा तर नाहीच. २०१२मध्ये खाणी थांबल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ८८ लीज गेली. दारात उभ्या राहिलेल्या ट्रकाभोवती घर कसं बदलतं हे बारा पानांत दाखवण्याजोगं आहे. जानेवारी २०२०मध्ये गोळावलीच्या रानात चार वाघ मेलेले सापडले. शेळ-मेळावलीत आयआयटीच्या जमिनीवरून गाव रस्त्यावर उतरलं. यातलं एकही एका चौकटीत मावत नाही. मावतं ते फक्त त्यावरचं शेरेबाजीचं चित्र, आणि तशी चित्रं खूप झाली.

फुग्यातल्या भाषेचा प्रश्न मला इथल्या मालिकांत सर्वांत रंजक वाटतो. घरात सत्तरीची कोकणी, शाळेत आणि देवळाच्या फलकावर मराठी. पात्रांना पुस्तकी मराठी बोलायला लावलं की आजी निवेदिका वाटू लागते. आपल्या दशावतारानं तोडगा केव्हाच काढला आहे: राजा मराठीत बोलतो, संकासुर गावच्या बोलीत. निवेदनाची पट्टी मराठी आणि फुगे कोकणी, दोन्ही देवनागरीत, हे वाचकाला मुळीच जड जात नाही. अक्षरं मात्र हातानं लिहावीत. काही चित्र-अ‍ॅपांत अजून जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. आणि मात्रा-उकारांना वर-खाली जागा लागते म्हणून इंग्रजी मापाचा फुगा मराठीला नेहमी तोकडा पडतो.

घरावर काढलेल्या घरगुती मालिकांबद्दल थोडं कडू बोलायला हवं. कटकट करणारी बायको, मोबाइल न कळणारी आई, अभ्यास टाळणारा मुलगा: चित्रकाराच्या वेळेचे चोर म्हणून हे तिघं पुन्हा पुन्हा येतात. ज्यांच्या उसन्या वेळेवर मालिका चालते त्यांचीच टिंगल करून ती भरायची, याला विनोद म्हणवत नाही. वर नावं घेतलेल्या आपल्या मंडळींकडेही बघा. सरवटे, फडणीस, दलाल, पंडित, वाडेकर, सगळे पुरुष. रात्री कागद पुढे ओढता आला कारण भांडी दुसरं कुणीतरी आवरत होतं. मराठी हास्यचित्रांत बाई चित्रात भरपूर आहे, कुंचल्यामागे फार थोडी. मूल झाल्यावर दोन वर्षं गप्प राहून परतलेल्या चित्रकर्तीला ‘सातत्य नाही’ असं म्हणणारा समीक्षक सातत्य कुणाच्या जिवावर येतं हे विसरतो. आणि मुलांचं म्हणाल तर कॅनडाच्याच लिन जॉन्स्टन यांनी १९७९पासून आपल्या घरावर बेतलेली पट्टी काढली, पण पात्रांना वर्षागणिक वाढू दिलं. आपल्याकडे चार वर्षांच्या पोराचे बोबडे बोल त्याच्या खऱ्या नावानिशी टाकले जातात. तो चौदाचा होईल तेव्हा ते तिथेच असतील.

फोनवर बोटानं सरकवत नेण्याच्या अनेक चित्रांच्या पोस्टनं मधला मार्ग उघडला आहे, एवढं मान्य करायला हवं. दहा चौकटींत प्रसंग उभा राहतो, शेवटाआधी थांबता येतं, मागे जाता येतं. चित्रकथीच्या एकेका चित्राशी त्याचं नातं उघड आहे. अडचण पुढची: सहा महिन्यांपूर्वीचा भाग शोधायला गेलं तर सापडत नाही. पिंगुळीच्या पोथ्या कागदाच्या होत्या म्हणून घरात राहिल्या.

म्हणून माझी मागणी चित्रकारांकडे कमी आणि दिवाळी अंकांच्या संपादकांकडे जास्त आहे. हास्यचित्राला पानाच्या तळाशी उरलेली जागा देणं थांबवावं आणि एका मालिकेला सलग बारा पानं, ठरलेली तारीख आणि आगाऊ मानधन द्यावं. सांगणं मात्र आदल्या दिवाळीतच व्हावं. बारा पानं म्हणजे महिन्याला एक-दोन. होंड्याच्या पाळीवाल्यालाही ते जमतं. कच्चं काम शिगम्याआधी संपादकाच्या हाती असावं, म्हणजे काजूचा आणि चवथीचा काळ सोडूनही शाईचं काम सप्टेंबरअखेर पुरं होतं.