चरित्रातील रुग्ण

अर्नेस्ट जोन्स यांनी लिहिलेले सिग्मंड फ्रॉइड यांचे त्रिखंडात्मक चरित्र (१९५३–५७) सहसा मनोविश्लेषणाचा इतिहास म्हणून वाचले जाते. या वेळी मी ते मुखकर्करोगाच्या रुग्णाची हकिकत म्हणून वाचले.

एप्रिल १९२३ मध्ये घरी कोणालाही न सांगता फ्रॉइड व्हिएन्नातील रुग्णालयात तोंडातील गाठ काढून घेण्यास गेले. शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव सुरू झाला आणि मदतीची घंटा बिघडलेली. खोलीतल्या ठेंगण्या, मतिमंद रुग्णाने धावत जाऊन मदत आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हान्स पिखलर यांनी वरच्या जबड्याचा व टाळूचा भाग काढला. तोंड व नाक यांत आडपडदा म्हणून बसविलेल्या कृत्रिम टाळूला घरात ‘राक्षस’ म्हणत. सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. बोलणे, जेवणे, ऐकणे, सारेच कष्टाचे झाले. शुश्रूषा केली ती कन्या ॲना यांनी. तिसऱ्या खंडात जोन्स यांनी पिखलर यांच्या कोरड्या नोंदीही दिल्या आहेत. धीरोदात्ततेच्या वर्णनापेक्षा त्याच अधिक बोलतात.

माझा आक्षेप वेगळा आहे. आरंभी रोगाचे खरे नाव फ्रॉइड यांच्यापासून लपविले गेले. हे ठाऊक असूनही गप्प राहिलेल्या निकटवर्तीयांत स्वतः जोन्स होते. पुढे लंडनमध्ये त्यांनी हे सांगताच फ्रॉइड संतापले व हा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे त्यांनी विचारले. जोन्स हे प्रांजळपणे नोंदवितात, पण त्या प्रश्नापाशी थांबत नाहीत. चरित्रकार स्वतःच आरोपी असताना त्याने थांबायला हवे होते. उलट, पुढे फ्रॉइड यांचे वैद्य झालेले मॅक्स शूर आपल्या १९७२च्या ग्रंथात सांगतात की, नेहमी खरे सांगण्याचे वचन रुग्णाने पहिल्याच भेटीत मागून घेतले होते. तेथे रुग्णाचा आवाज ऐकू येतो.

फ्रॉइड यांचा चिरूट होता, आमच्या माळव्यातील घरांत पानसुपारीचा डबा. माझ्या थोरल्या बंधूंच्या जबड्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ‘दादांना काही सांगायचे नाही’ असे आम्ही भावंडांनी ठरविले. त्यात माझा शब्द शेवटचा होता. बोलता येईना तेव्हा त्यांनी पाटी मागितली आणि तीवर एकच शब्द लिहिला : ‘काय?’ मी ‘साधा व्रण’ असे उत्तर दिले. त्यांनी पाटी पुसली, पुन्हा विचारले नाही.

जोन्स यांना दोष देताना ती पाटी माझ्या डोळ्यांसमोर होती, हे वाचकांना सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.