व्यंजन आणि व्यंजना

कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तेथे नवव्या शतकात, अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारी, काव्यालंकारांची चर्चा करणारा 'कविराजमार्ग' हा कन्नड ग्रंथ सिद्ध झाला. शब्द मनाला कसे वळवतात याचा विचार ज्या भूमीत इतका जुना आहे, तेथील साहित्यप्रेमींनी आजच्या जाहिरातींना 'बाजारी मजकूर' म्हणून दूर सारावे हे आम्हांस उचित वाटत नाही. वजन उतरवू इच्छिणाऱ्यांसाठी केलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती तर मुद्दाम अभ्यासाव्यात अशा आहेत.

नियम वाचण्यात आमची हयात गेली, म्हणून प्रारंभ नियमापासून करतो. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ साली जाहिराती व दाव्यांविषयी विनियम केले. घन पदार्थावर 'कमी स्निग्धांश' असे लिहायचे तर १०० ग्रॅममागे स्निग्धांश ३ ग्रॅमपेक्षा अधिक नको. 'साखरमुक्त' म्हणायचे तर साखर अर्ध्या ग्रॅमवर जाता कामा नये. मोजमाप चोख आहे, परंतु ते अभिधेचे आहे. पुड्यावरील हिरवे पान, कमरेभोवतीची मापपट्टी, पहाटे धावणारी तरुणी यांना ग्रॅमचे माप लावता येत नाही. जाहिरात बोलते ती व्यंजनेतून, आणि व्यंजनेवर खटला भरणे फार अवघड.

'डायजेस्टिव्ह' बिस्किटाचेच पाहा. मॅकव्हिटीजने हे बिस्किट १८९२ साली बाजारात आणले. त्यातील खाण्याच्या सोड्याने आम्लपित्त शमते अशी तेव्हाची समजूत होती, तीवरून हे नाव पडले. नाव पचनाचे, पण ऐकणाऱ्याच्या मनात उमटते 'हलके'. अशा बिस्किटांत १०० ग्रॅममागे सुमारे ४८० ते ५०० उष्मांक आणि २० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. साध्या ग्लुकोज बिस्किटापेक्षा हा स्निग्धांश अनेकदा अधिकच भरतो. जाहिरातदार मात्र कोठेही खोटे बोललेला नसतो. खोटे आपण आपल्याच मनात पुरे करतो, आणि म्हणूनच ते आपल्याला पटते.

केलॉगच्या 'स्पेशल के'ने दिलेले दोन आठवड्यांचे आव्हान याहून कसबी होते. रोजच्या दोन जेवणांऐवजी दुधातील पोह्यांची वाटी घ्यायची, की पंधरवड्यात फरक दिसेल! दोन वेळचे जेवण सोडून वाटीभर कशावरही राहिले तरी वजन उतरेल. पण उतरण्याचे श्रेय उपाशी राहण्याला न जाता पोह्यांना जाते. शिवाय दीपिका पदुकोण यांच्यासारखी शिडशिडीत नटी ती वाटी हाती धरते. ती आधीच सडपातळ होती की वाटीमुळे झाली, हा प्रश्न चित्र पाहताना कोणी विचारीत नाही. कार्य आणि कारण शेजारी उभे केले की नाते जुळलेच.

तेलांविषयी थोडक्यात. 'सफोला' हे नाव सॅफ्लॉवर, म्हणजे आपली करडई, यावरून आले. आमच्या काळ्या रानातील हे काटेरी पीक शहरांत हृदयाचे रक्षक ठरले, आणि इकडे त्याचा पेरा गेल्या काही दशकांत घटत गेला. तेल हृदयाला कमी-अधिक हितकर असू शकेल, तो प्रश्न निराळा; पण कोणत्याही तेलाचा एक ग्रॅम ९ उष्मांकच देतो. 'हलके तेल' या शब्दांत हे गणित बुडून जाते.

आम्हांस सर्वांत अस्वस्थ करते ती ज्वारीची गोष्ट. बीदर-कलबुर्गीकडे कडक भाकरी आणि तुरीचे वरण हे पिढ्यान्‌पिढ्यांचे जेवण. मधल्या काळात रेशनच्या तांदळाने व पावाने भाकरीला गरिबीची खूण ठरवले. २०१८ साली केंद्र सरकारने 'भरड धान्य' हे नाव बदलून 'पोषक धान्य' केले. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. नामांतर चांगल्या हेतूने झाले हे आम्ही मानतो. परंतु त्या नव्या प्रतिष्ठेवर स्वार होऊन ज्वारीची बिस्किटे, चिवडे आणि 'मल्टिग्रेन' चकल्या आल्या. भालकी वा आळंद येथील गृहिणी आपल्याच शिवारातील दाणा चकचकीत पुड्यात, चौपट दराने, 'वजन सांभाळणारा' म्हणून विकत घेते. वर तळलेला आणि गोड केलेला. घरच्या भाकरीत ना तेल ना साखर, पण भाकरीला जाहिरात नाही.

आणि भाषा? दावा पुढे मोठ्या इंग्रजीत, आकडे मागे बारीक टाइपात. मराठी घरात, कन्नड राज्यात, हिंदी दूरदर्शनवर जाहिरात पाहणाऱ्या आमच्या सीमाभागातील वाचकाला तीन भाषा येऊनही ती मागची बाजू परकीच राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत सांगितले आहे की साखरमुक्त म्हणविणाऱ्या पदार्थांत स्निग्धांश भरपूर असू शकतो. हा इशारा आमच्या तालुक्यांत मराठीत कोणी पोहोचवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पुड्यावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पुढच्या बाजूस ज्वारीचे डौलदार कणीस असलेल्या अनेक पुड्यांवर त्या यादीतील पहिला शब्द गहू किंवा मैदा असतो, आणि ज्वारी खाली कोठेतरी, कंसातल्या लहानशा टक्केवारीसह.