कोण सांगतंय? : वर्गातल्या कादंबरीविषयी

मराठीच्या वर्गात कादंबरी शिकवायला घेतली की फळ्यावर एक यादी उतरते. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, संवाद, निवेदन, भाषाशैली, जीवनदर्शन. यादीत चूक काही नाही. शंभर वर्षांच्या समीक्षेनं घडवलेले हे शब्द आहेत आणि कादंबरीबद्दल बोलायचं तर ते लागतातच. अडचण पुढे येते. प्रत्येक शब्दाखाली चार ओळींची टीप लिहून घेतली जाते, गाईडात तीच टीप असते आणि परीक्षेत तीच उतरवली जाते. ‘बनगरवाडी’चं वातावरण ग्रामीण आहे, ‘कोसला’चा नायक बंडखोर आहे, ‘धग’ची भाषा वऱ्हाडी आहे. एवढं लिहून गुण मिळतात, आणि एवढं लिहायला कादंबरी उघडावी लागत नाही.

या दुखण्याचं मूळ महाविद्यालयाच्या आधीच सापडतं. बालभारतीच्या 2019 च्या अकरावीच्या ‘युवकभारती’त नाटक आणि 2020 च्या बारावीच्या पुस्तकात कथा, या साहित्यप्रकारांची स्वतंत्र ओळख करून दिली आहे. घटक समजावले आहेत, सोबत नमुने वाचायला दिले आहेत. ही चांगली सोय आहे. कादंबरीच्या वाट्याला मात्र ती आली नाही. शाळेत कादंबरी भेटते ती उताऱ्यापुरती. उताऱ्यातून एखादा प्रसंग कळतो, लेखकाची भाषा कानावर पडते. पण कादंबरीची ताकद तिच्या लांबीत असते. माणसं हळूहळू बदलतात, एखादी गोष्ट पन्नास पानांनी परत येते आणि तोवर तिचा अर्थ पालटलेला असतो. तीन पानांच्या उताऱ्यात हे दिसणं शक्य नाही.

मग विद्यार्थ्याला कादंबरीत शिरायला कुठून सांगावं? रूढ क्रम कथानकापासून सुरू होतो. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्या 1927 च्या व्याख्यानांपासून गोष्ट आणि कथानक यांतला भेद सगळीकडे शिकवला जातो: पुढे काय झालं हे गोष्ट सांगते, ते का झालं हे कथानक दाखवतं. आपल्याकडे ना. सी. फडके यांनी 1931 च्या ‘प्रतिभासाधन’मध्ये लेखनतंत्राची मांडणी केली आणि रचनेच्या कौशल्याकडे मराठी वाचकाचं लक्ष वेधलं. ही कामगिरी मोठीच. तरीही कथानकापासून सुरुवात केली की विद्यार्थी सारांशात अडकतो, कारण सारांश लिहिला की कथानक झालं असं त्याला वाटतं.

त्याची ही समजूत मोडायला दोन लोकप्रिय कादंबऱ्या पुरेशा आहेत. वि. स. खांडेकर यांची ‘ययाति’ 1959 ची आणि शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’ 1967 ची. दोन्हींची गोष्ट महाभारतातली. कर्णाचं शेवटी काय होतं, हे मराठी घरातल्या पोराला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतं. तरी ही पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. म्हणजे ‘पुढे काय झालं’ यापेक्षा वेगळं काहीतरी वाचकाला धरून ठेवतं. ‘ययाति’त राजा, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. ‘मृत्युंजय’च्या नऊ भागांत कर्णासह कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि श्रीकृष्ण बोलतात. ओळखीच्या गोष्टीला नवेपण आलं ते सांगणारा बदलल्यामुळे.

म्हणून पहिला प्रश्न असायला हवा: कोण सांगतंय? निवेदक हा घटक यादीत बहुधा पाचवा-सहावा असतो. त्याला पहिल्या जागी आणलं की बाकीचे घटक आपोआप त्याच्या भोवती येऊन उभे राहतात.

हरिभाऊ आपटे यांनी 1890 मध्ये ‘करमणूक’ सुरू केलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः लिहायला घेतली, तेव्हा ते 26 वर्षांचे होते. कादंबरी सांगते यमू. बाहेरून पाहणाऱ्या सुधारकाच्या तोंडून हीच हकिगत आली असती, तर बालविवाह आणि केशवपन यांवरचं कळकळीचं भाषण झालं असतं. यमू मात्र घरातल्या गोष्टी सांगते. माहेरचं कोडकौतुक, सासरची बोलणी, नवऱ्याशी जुळत गेलेलं नातं, हे सगळं ती तिला जसं समजलं तसं सांगते. विचार तिला न पेलणारा असेल तर तो पुस्तकात येत नाही. वाचक तिच्या समजुतीच्या पुढे जाऊन स्वतः संतापतो. तरुण पुरुष लेखकानं विधवेचा आवाज घेणं हा त्या कादंबरीतला सर्वांत धाडसी निर्णय, आणि वातावरण, पात्रं, आशय हे सारं त्या एका निर्णयातून निघालेलं आहे.

‘बनगरवाडी’चंही असंच. व्यंकटेश माडगूळकर यांची ही 1955 ची कादंबरी एक तरुण मास्तर सांगतो. धनगरांच्या वाडीत तो परका आहे, शाळेत पोरं नाहीत कारण ती मेंढरांमागे गेलेली आहेत. परकेपणामुळे त्याला वाडीतली प्रत्येक गोष्ट नव्यानं पाहावी लागते आणि त्याच्याबरोबर वाचकालाही. गावानं तालीम बांधावी म्हणून तो खटपट करतो, हळूहळू त्यांच्यातला होतो, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. इथे ‘वातावरण ग्रामीण’ एवढं म्हणून काय साधणार? शेकूचा एक बैल जातो तेव्हा त्याची बायको उरलेल्या बैलाच्या जोडीला उभी राहून औत ओढते. मास्तर ते पाहतो आणि फारसं भाष्य न करता सांगतो. त्या एका प्रसंगात परिसर, पात्र आणि निवेदकाचा स्वभाव यांची फारकत करून दाखवता येणार नाही. माडगूळकरांचा संयम हीच त्यांची शैली, हे शिक्षकानं सांगण्याची गरज नाही. तो परिच्छेद मोठ्यानं वाचून घेतला तर विद्यार्थी स्वतःच सांगतो.

भाषेच्या घटकाला वर्गात सर्वांत कमी न्याय मिळतो. ‘बोलीचा प्रभावी वापर’ हे वाक्य इतक्या कादंबऱ्यांना चिकटवलं गेलंय की त्याला आता अर्थच उरलेला नाही. बोली कुठे वापरली आहे, हे विचारलं तर मात्र मराठी कादंबरीचा मोठा टप्पा उलगडतो. उद्धव शेळके यांच्या 1960 च्या ‘धग’मध्ये कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसं वऱ्हाडीत बोलतात, तर निवेदन प्रमाणभाषेच्या जवळचं राहतं. लेखक त्या माणसांच्या शेजारी उभा आहे, पण निवेदनाची भाषा त्यानं वेगळी ठेवली आहे. 1971 मध्ये दोन कादंबऱ्या आल्या आणि ही वेस ओलांडली गेली. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’त नारबा हा सालगडी सगळी कादंबरी आपल्या बोलीत सांगतो. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त खेड्यातल्या शिंप्याची बायको पारबती मराठवाड्याच्या बोलीत सांगते. बोली संवादातून निवेदनात आली, म्हणजे ज्यांच्याविषयी आजवर सांगितलं जात होतं तेच सांगू लागले. भाऊ पाध्ये यांनी त्याआधीच, 1965 च्या ‘वासूनाका’त, मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा निवेदनात आणली होती आणि त्यावरून वादळ उठलं होतं. नारबाच्या कादंबरीत यंत्र येतं, जनावरं जातात, त्याचा गोतावळा तुटतो. प्रमाणभाषेत ही कृषी अर्थव्यवस्थेतल्या बदलाची कहाणी झाली असती. नारबाच्या भाषेत बैल ही त्याची माणसं आहेत.

यातून एक साधी कसोटी निघते. निवेदकाचं नाव झाकायचं आणि परिच्छेद वाचून विचारायचं, कोण बोलतंय? ‘पाचोळा’, ‘गोतावळा’, ‘कोसला’ या कसोटीला सहज उतरतात. ‘मृत्युंजय’ अडखळते, कारण कुंती असो की दुर्योधन, साऱ्यांच्या तोंडी तीच अलंकारिक, भारदस्त भाषा येते. ती भाषा वाचकांना आवडली आहे, पण सहा निवेदक आणि एकच आवाज ही त्या कादंबरीची मर्यादा आहे. विद्यार्थ्याला हे स्वतःच्या कानानं कळलं, तर समीक्षा म्हणजे थोरामोठ्यांच्या मतांची उजळणी ही त्याची समजूत दूर होते.

स्थळ आणि काळ या जोडीतल्या काळाकडे तर फारच दुर्लक्ष झालं आहे. विश्राम बेडेकर यांच्या 1939 च्या ‘रणांगण’मध्ये युरोपातून निघालेल्या बोटीवरचे मोजके दिवस आहेत. महायुद्ध तोंडावर आहे, बोटीत नाझी जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत, आणि चक्रधर व हेर्टा यांना एकमेकांसाठी तेवढाच वेळ मिळतो. श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ 1987 ची, दोन खंडांची. जगबुडीच्या काठी एका घराण्याच्या पिढ्या तीत येऊन जातात. एका लेखकानं काळ आवळला, दुसऱ्यानं पसरला, आणि दोघांचे विषय त्यांनी निवडलेल्या काळातच सांगता येण्यासारखे होते. भालचंद्र नेमाडे यांनी 1963 च्या ‘कोसला’त आणखी वेगळं केलं. पांडुरंग सांगवीकर पुण्यातलं एक वर्ष तुटक नोंदींमध्ये उडवतो आणि मनी या बहिणीच्या मृत्यूपाशी मात्र थांबतो. पानं कुठे भराभर जातात आणि कुठे रेंगाळतात, हे पाहिलं तरी नायकाला कशाचं मोल आहे ते कळतं. ‘बंडखोर नायक’ या शब्दांतून ते कळत नाही.

मराठीत कादंबरीचा विचार उथळ आहे, असं कुणी म्हणू शकणार नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 मध्ये आली, त्याला शतक पुरं होण्याच्या सुमारास कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ लिहून पूर्ण आढावा घेतला होता. नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या सुरुवातीच्या तीन कादंबऱ्यांमध्ये पुढच्या साऱ्या वाटचालीच्या तीन प्रवृत्ती पाहिल्या. चंद्रकांत बांदिवडेकर आणि हरिश्चंद्र थोरात यांनी कादंबरी या प्रकाराचा सैद्धांतिक विचार केला. हे सगळं ग्रंथालयात आहे, पदव्युत्तर वर्गांत त्याचा हवाला दिला जातो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला समजेल अशा भाषेत ते खाली झिरपलेलं नाही, आणि ती जागा गाईडांनी बळकावली.

कादंबरी लिहिणारे दरम्यान थांबलेले नाहीत. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’नं शेतकऱ्याच्या घराची पडझड मांडली, कविता महाजन यांच्या ‘ब्र’नं गावच्या राजकारणात आलेल्या बायकांना आवाज दिला, श्याम मनोहर यांनी घटनांऐवजी विचारांवर कादंबरी चालवून दाखवली. 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला मिळाला, धरणानं उठवलेल्या माणसांची ती कादंबरी आहे. या पुस्तकांवर जुन्या यादीचे रकाने भरायला बसलं तर निम्मे रिकामे राहतील. कोण सांगतंय, कुणाच्या भाषेत, किती काळाचं आणि काय वगळून, हे चार प्रश्न मात्र हरिभाऊंपासून खोतांपर्यंत सर्वांना विचारता येतात. घटक शिकवायचे ते या प्रश्नांची उत्तरं शोधताना लागतील तेव्हा.

यासाठी अभ्यास मंडळांनी दोन गोष्टी कराव्यात. बारावीपर्यंत एक तरी छोटी कादंबरी पूर्ण वाचायला लावावी. ‘बनगरवाडी’ किंवा ‘रणांगण’ वर्गात वाचून संपेल एवढ्याच आहेत. आणि प्रश्नपत्रिकेत ‘पात्रचित्रण लिहा’ याऐवजी कादंबरीतला एक परिच्छेद छापून, तो दुसऱ्या कुणी सांगितला असता तर काय बदललं असतं, हे विचारावं. मंडळांच्या बैठकीची वाट न पाहता शिक्षकांनाही सुरुवात करता येईल. पुढच्या तासाला फळा कोरा ठेवा, पुस्तकाचं पहिलं पान मोठ्यानं वाचा आणि मुलांना विचारा, हे कोण सांगतंय.